बिराजदार साहेब आणि चालता गोठा

बिराजदार साहेबांना शिव्या खायला आवडायचं. तेही कामाच्या वेळेत, बँकेत बसून, समोर चहाचा कप ठेवून.

दुपारी तीनच्या सुमाराला शाखेतली गर्दी ओसरली की ते खिशातून आपला दुसरा, बटणांचा फोन काढायचे. घसा साफ करायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि कुणाला तरी फोन लावायचे.

"हॅलो, मैं बँक के हेड ऑफिस से बात कर रहा हूँ. आपका कार्ड आज बंद होता. कार्ड के पीछे का तीन नंबर बताव."

साहेब मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, बाजारात मराठी. त्यांच्या हिंदीवर या दोन्हींनी एकदमच हक्क सांगितलेला. पलीकडच्या माणसाचा आवाज चढला की साहेबांचा चेहरा खुलायला लागायचा. फोन कानापासून वीतभर लांब धरून ते आम्हाला खुणावायचे, ऐका, ऐका. सात रस्त्याच्या कोपऱ्यावरचा फळवाला एकदा ओरडला होता, "अरे हौले, मैं येडा दिखताय क्या तेरे कू? थांब, पता बोल तेरा, डाळिंब का ट्रक तेरे घर पे उलटा करतूं!" साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, "शाब्बास! मी बिराजदार बोलतोय. पास झालास. उद्या शाखेत ये, पेढा घेऊन जा."

हा त्यांचा अभ्यासक्रमच होता. ज्याला कर्ज मंजूर केलं त्याला ते आधीच सांगून ठेवायचे, "एक दिवस चोराचा फोन येणार. तो मी असेन, नाहीतर खरा चोर असेल. दोघांनाबी शिव्याच द्यायच्या." आणि समोरच्यानं चुकून पहिला आकडा उच्चारलाच, तर पुढचे दोन कानावर पडायच्या आत फोन कट करून दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या दारात उभे.

मी त्या शाखेत अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा साहेबांच्या निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं. आमची बँक मोठी, देशभर पसरलेली. आमची शाखा सोलापुरातल्या सात रस्त्याजवळची, जुनी, कायम गजबजलेली. साहेब तिथं कर्जविभाग सांभाळायचे. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते, टॉवेलच्या कारखान्यात. घरात आम्ही तेलुगू बोलतो. आमच्या अख्ख्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, तेव्हा तर जास्तच सांगायची. पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणून माझ्याकडं बघितलं.

"बरं झालं की. मी बारावी. क्लार्क म्हणून चिकटलो, परीक्षा देत देत या खुर्चीपर्यंत आलो. आता काय अडलं तर तुला विचारतो, ग्रॅज्युएट."

त्या दिवसापासून मी ग्रॅज्युएट. ग्राहक समोर असला की मात्र "गड्डम मॅडम, तुम्ही जरा बघता का?" ग्राहक उठून गेला की, "ग्रॅज्युएट, चल, चटणी-भाकरी खाऊ." डब्यात रोज शेंगाची चटणी. कडक भाकरी हातावर मोडून तिच्या तुकड्यानंच ते चटणी उचलायचे, आणि तेवढा वेळ कामाचं बोलायचं नाही असा त्यांचा नियम. माणूस उंच, वाळका, कपाळावर भस्माची तीन बोटं, खिशाला तीन पेनं. आणि नाक. साहेबांचं नाक कपाळाजवळ निघून मध्येच कमान घेऊन खाली उतरायचं. त्या नाकाबद्दल पुढं सांगते.

दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा नाही, हे प्रत्येक बँकेत शिकवतात. साहेबांनी ते अंगात भिनवून घेतलं होतं. शेजारी कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ते नुसती मान वळवायचे नाहीत, अख्खे उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, हात मागं बांधून. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना पहिले काही महिने वाटत होतं की साहेबांचा काही नवस असणार. एकदा सात रस्त्यावरच्या एटीएममध्ये मी त्यांना सपत्नीक बघितलं. वहिनी मशिनसमोर, साहेब काचेकडं तोंड करून.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "कार्ड तुमचं, पैसे तुमचे, पिन तुमचा. पाठ कुणाला दाखवताय?"

साहेब तसेच उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, "पिन माझा, मग तुला कसा ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिन बदलला आणि वहिनींना स्वतःचं वेगळं कार्ड काढून दिलं. वहिनी महिनाभर सगळ्या गल्लीला सांगत होत्या की बत्तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यानं वेगळं काढलं.

माझी आई मात्र त्यांच्या परीक्षेत नापास झाली. मी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात. साहेबांनी फोन लावला, आईनं कपाटातून कार्ड काढलं आणि पहिला आकडा सांगूनही टाकला. मला लाज वाटली, इतकी की मी घरी जाऊन आईवर ओरडले. आई शांतपणे म्हणाली, "बँकेतला माणूस आहे म्हणाला. माझी मुलगी बँकेत. मग त्याला नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी साहेब घरी आले. आईच्या हातचं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "आईवर चिडू नको. तुझी पदवी तिच्या डोक्यात हाय, तिथनंच चोर आत शिरतोय. तू अभिमान सांगतीस ना सगळ्यांना? मग चोरबी बँकेचंच नाव घेऊन येतोय, हेबी सांगायचं." नंतर अर्धा तास त्यांनी आईला शिव्या शिकवल्या. म्हणजे आईला येत होत्या, तेलुगूतल्या, एकाहून एक. फक्त त्या बँकवाल्याला द्यायला चालतात हे तिला पटत नव्हतं. पंधरा दिवसांनी साहेबांनी पुन्हा फोन लावला आणि फोन ठेवून मला विचारलं, "ग्रॅज्युएट, ह्या शब्दाचा अर्थ काय?" मी सांगितला नाही. आईला दोन पेढे मिळाले.

पुढं या फोनची कुणीतरी वर तक्रार केली. खुलासा मागवणारं पत्र आलं. साहेबांनी उत्तरात लिहिलं की चूक मान्य आहे, फोन बंद करतो. केलेही. त्याऐवजी दर सोमवारी सकाळी शाखेच्या हॉलमध्ये ते स्वतः चोर होऊन उभे राहायला लागले आणि ग्राहक रांगेनं त्यांना शिव्या द्यायला लागले. सोमवारची गर्दी वाढली.

कर्ज देतानाही त्यांची एक ठरलेली पद्धत. कागदपत्रं बघून झाली की ते फाइल मिटवायचे आणि विचारायचे, "गेल्या साली काय चुकलं?" जो सांगायचा, कोंबड्यांना लस उशिरा दिली, दुकानात नको तो माल भरला, त्याच्याकडं ते मन लावून ऐकायचे. जो म्हणायचा, "काहीच नाही साहेब, सगळं चोख," त्याची फाइल ते पुन्हा उघडायचे आणि पहिल्यापासून वाचायचे. मी कारण विचारलं. "एक तर खोटं बोलतोय, नाहीतर ह्यानं काही केलंच न्हाय," ते म्हणाले.

असा माणूस नव्या यंत्राला नाक मुरडणार, असं मला वाटलं होतं. बँकेनं कर्जासाठी नवं ॲप आणलं तेव्हा आमच्या शाखेत आधी ते वापरून बघायचं ठरलं. हातात टॅब, जागेवर जाऊन फोटो, फोटोबरोबर जागेची आपोआप नोंद, चेहरा ओळखणं, आणि आठवड्याचं काम तीन दिवसांत. जुनी मंडळी आजारी पडायला लागली. साहेबांनी टॅब घरी नेला, रविवारभर त्याच्याशी बोलत बसले (हे वहिनींचं म्हणणं) आणि सोमवारी जाहीर केलं, "हा नवा कारकून हाय. पुण्याहून बदलून आलाय. लई हुशार. फक्त त्यानं सोलापूर बघितलेलं न्हाय. ते आपण दाखवायचं."

सोलापूर दाखवायची पहिली पाळी माझी आली, आणि मी ते चुकीचं दाखवलं.

बायाक्का म्हणून एक मेंढपाळ बाई होती, मंगळवेढ्याकडची. लोकर विकायला सोलापूरला यायची, म्हणून खातं आमच्याकडं. तिला मेंढ्या घ्यायला कर्ज हवं होतं. जतकडं तिचा एक पाहुणा कळप मोडत होता. माडग्याळी जातीच्या मेंढ्या, पोपटासारख्या बाकदार नाकाच्या, त्या भागात फार मोलाच्या. पाहुण्यानं तिला शब्द दिला होता, पौर्णिमेपर्यंत थांबतो. त्यानंतर सगळ्या मेंढ्या खाटकांना विकणाऱ्या व्यापाऱ्याला. हातात वीस दिवस होते. बायाक्काची त्या मेंढ्यांना नावं देऊनही झाली होती. शाखेत साहेबांना पहिल्यांदा बघितल्यावर ती टेबलावर वाकून म्हणाली, "साह्यब, राग मानू नगा, पर तुमचं नाक माडग्याळी हाय."

"मग किंमत जास्त लाव," साहेब म्हणाले. आणि फाइल मिटवून, "गेल्या साली काय चुकलं?"

"जावयाचं ऐकलं," बायाक्का म्हणाली. फाइल पुढं सरकली.

पाहणीला मी गेले, मोहोळजवळ. सुगी होऊन रानं मोकळी झाली की ही मंडळी कळप घेऊन बाहेर पडतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो. दोन-तीन रात्री कळप तिथं बसतो, लेंड्यांचं खत रानाला मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. मग कळप पुढच्या रानात. सोबत घोड्यावर बिऱ्हाड आणि मेंढरांभोवती लावायची जाळी, तिला ते वाघर म्हणतात. हे सगळं आज मी सांगतेय. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मागाच्या खडखडाटात वाढलेली मी. मेंढरू फार तर रस्ता अडवताना बघितलेलं.

ॲप विचारत होतं, गोठ्याचा फोटो. मी इकडंतिकडं बघितलं. गोठा नव्हता. जाळी होती, जाळीत मेंढरं होती. मी जाळीचा फोटो काढला आणि गोठा म्हणून टाकला.

"ह्याला गोठा म्हंत्यात व्हय तुमच्यात?" बायाक्कानं विचारलं.

"रकाना तेवढाच आहे, मावशी."

"बरं. पर हे परवा हितं नसतंय."

ऐकलं मी. अगदी नीट ऐकलं. पण रकाना भरला होता, आणि भरलेल्या रकान्याचं समाधान काही वेगळंच असतं.

नियमाप्रमाणं आठवड्यानं दुसरी पाहणी केली. कळप तोवर दुसऱ्या गावच्या रानात गेला होता. बायाक्काला फोन करून ते रान शोधलं, त्याच जाळीचा फोटो काढून पाठवला आणि शाखेत येऊन पाणी पितेय तोवर स्क्रीन लाल झाली. पाठोपाठ पुण्याच्या सुरक्षा विभागातून फोन आला. निखिल नावाचा अधिकारी, माझ्याच वयाचा, अतिशय सभ्य.

"मॅडम, एक शंका आहे. तुमचा गोठा अकरा किलोमीटर सरकलाय."

"हो," मी म्हटलं.

"गोठा कसा सरकेल मॅडम?"

बघून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला. कर्जाची मागणी थांबवली गेली. आणि बनावट व्यवहाराचा संशय म्हणून बायाक्काचं साधं बचत खातंही गोठलं. दुसऱ्या दिवशी ती शाखेत आली. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. हॉलमधली सगळी माणसं बघायला लागली.

"मॅडम, माजं सवताचं पैसं बी निघंनात की." मग साहेबांकडं वळून, हळू आवाजात, "साह्यब, मी चोर हाय व्हय?"

मला त्या क्षणी टेबलाखाली जावंसं वाटलं. साहेबांनी स्वतः उठून तिला पाणी आणून दिलं.

"न्हाय बायाक्का. आमचा राखणदार नवा हाय. तुझं कुत्रं अनोळखी माणसावर भुंकतंय का न्हाय?"

"चावतंय बी."

"हे चावलंय. सोडवतो."

पौर्णिमेला नऊ दिवस राहिले होते. आमच्या मॅनेजरांनी सोपा मार्ग सुचवला. ते वाईट नव्हते, त्यांनाही त्या बाईचं काम व्हावं असंच वाटत होतं. म्हणाले, "हिच्या गावात कुणाचा तरी पक्का गोठा असेल. दोनदा तिथं जाऊन फोटो काढा. जागा जुळेल, विषय संपेल."

साहेब म्हणाले, "खोटा गोठा नको साहेब. मशिनचं काय चुकलं? आपण त्याला गोठा सांगितला. गोठा चालायला लागला. त्यानं बोंब मारली. राखणदारानं आणखी काय करायचं? आज त्याला गप बसवलं, तर उद्या खऱ्या चोराला बघून ते गप बसंल." मग माझ्याकडं बघून, "चूक सांगण्यात झालीय. कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"बास. आता कामाला लागू."

त्यांनी बायाक्काला समोर बसवलं आणि विचारलं, दिवाळीपासून मेंढरं कुठंकुठं बसली? तिनं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. गाव, शेतकरी, किती रात्री, बदल्यात काय मिळालं. एकाही ठिकाणी अडखळली नाही. कुठल्या रानात विहिरीला पाणी गोड होतं हेही सांगितलं. मी लिहीत गेले. माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईचा पत्ताही तयार होत होता आणि मिळकतीचा पुरावाही. एवढा भक्कम पुरावा पक्क्या दुकानवाल्यांकडंही मी बघितला नव्हता.

मग मी त्या शेतकऱ्यांना फोन लावायला बसले. पहिल्या दोघांनी नीट उत्तर दिलं. तिसऱ्यानं, मी "बँकेतून बोलतेय" म्हणताच, माझा जो उद्धार केला तो मी इथं लिहू शकत नाही. फोन आपटला. साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "कोण? पाटलाचा बापू? सोमवारी शिकून गेलाय! बघ, पोचलं की मोहोळपर्यंत!"

"पण साहेब, माहिती?"

"माहिती घ्यायला जायचं की. त्याच्या दारात."

पुढचे तीन दिवस आम्ही साहेबांच्या स्कूटरवरून रानं हिंडलो. प्रत्येक दारात साहेब आधी स्वतःचं ओळखपत्र काढून पुढं धरायचे, मला काढायला लावायचे. लोक म्हणायचे, "अवो साहेब, तुमाला कोण वळखत न्हाय?" साहेब हात खाली घ्यायचे नाहीत. "वाचा. फोटो जुळतोय का बघा. मग पाणी द्या." मला म्हणायचे, "आपण दाखवत राहिलो, तर हे मागायला शिकतील."

परतल्यावर त्यांनी पुण्याला सविस्तर टिपण लिहिलं. कळप फिरता आहे; ही बसण्याची ठिकाणं; हे शेतकऱ्यांचे जबाब; पहिली नोंद आमच्याकडून चुकीची झाली. निखिलनं ते नीट वाचलं. खातं त्याच दिवशी मोकळं झालं. कर्जासाठी मात्र ॲपमध्ये वाट नव्हती. अपवाद म्हणून मंजूर करायचं तर शाखेतल्या एका अधिकाऱ्यानं नावानिशी जबाबदारी घ्यायची आणि वर्षभर दर महिन्याला, कळप असेल तिथं जाऊन खात्री करायची. काही वावगं निघालं तर चौकशी त्याची.

मी पेन काढलं. साहेबांनी ते माझ्या हातातून घेतलं. "तुझी नोकरी अजून कायम व्हायचीय."

कॅशियर म्हणाले, "बिराजदार, चार महिने राहिलेत. चौकशी लागली तर निवृत्तीचं सगळं अडकंल. घरी काय सांगणार?"

साहेबांनी सही केली, खाली तारीख टाकली, पेनाला टोपण लावलं. "जन्मभर लोकांना विचारत आलो, गेल्या साली काय चुकलं. पुढच्या साली मला कुणी विचारलं तर सांगायला कायतरी पाहिजे की."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. बायाक्का त्याच दुपारी जतकडं निघाली. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं माझ्या फोनवर फोटो पाठवला, एका मेंढीच्या तोंडाचा, अगदी जवळून. खाली लिहिलं होतं, 'साहेबाना दाकवा.' ते नाक बघून साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

महिन्याभरानं निखिल स्वतः सोलापूरला आला. पांढरे बूट घालून. साहेबांनी त्याला सरळ रानात नेलं. त्यानं बायाक्काला नम्रपणे विचारलं, "तुमचा कायमचा पत्ता, मावशी?"

"हाय की बाबा. मंगळवेढ्याकडं घर हाय, चांगलं दगडाचं. पावसाळ्यात ये, दूध पाजते. आता कुलूप हाय." तिनं त्याच्या हातात भाकरी ठेवली. "तू काय करतूस पुन्याला?"

"तुमचं खातं मीच बंद केलं होतं," तो म्हणाला. खरं बोलणारा मुलगा.

बायाक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बूट आता पांढरे राहिले नव्हते. "व्हय? चांगलं राखतूस की मग. आमच्या कुत्र्यापरास बरं. खा."

तो दिवसभर तिथं बसला. वाघर कशी काढतात, कशी लावतात, शेतकरी कसा ठरवतात, सगळं विचारून घेतलं. साहेब बांधावर बसून ऐकत होते, मध्येच मला म्हणत होते, "बघ. कारकून सोलापूर बघायला लागला."

साहेबांच्या निवृत्तीच्या आधी पंधरा दिवस ॲप बदलून आलं. 'गोठा' या रकान्याखाली आता दुसरा पर्याय होता, 'फिरता कळप'. तो निवडला की ॲप एका जागेचा हट्ट धरत नव्हतं. कळप याआधी कुठं बसला, आज कुठं बसलाय, कुणाच्या रानात, हे क्रमानं विचारत होतं, आणि त्या शेतकऱ्यानं खात्री दिल्याशिवाय पुढं जात नव्हतं. रानात मेंढरं बसवण्याची मिळकतही धरत होतं. साहेबांनी ते दोन शब्द मोठ्यानं वाचले. मग चोरासारखं हसून खोटी नोंद करून बघितली: भलतंच गाव, आणि शेतकरी म्हणून स्वतःच्याच बटणांच्या फोनचा नंबर. स्क्रीन लाल झाली.

"पास!" साहेब ओरडले, आणि स्वतःच्या खिशातून सगळ्या शाखेला पेढे वाटले. एक पेढा टॅबसमोरही ठेवला. तो नंतर मी खाल्ला.

निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. बटणांचा फोन माझ्या हातात दिला. "सोमवारचा चोर आता तू. आवाज जरा भसाडा काढ, ग्रॅज्युएट." बायाक्काच्या कळपाची जबाबदारीही माझ्याकडं आली. ते दुधनीला, आपल्या शेतावर राहायला गेले.

पुढच्या सुगीनंतरची गोष्ट. पाहणीची वेळ आली म्हणून मी ॲप उघडलं, तर फिरता कळप दुधनीच्या शिवारात दाखवत होता. गेले. काळ्या रानात तुरीचे खुंट उभे, मध्ये वाघर लावलेली, आणि आत मेंढरं, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. सगळी नाकं बाकदार. बांधावरच्या लिंबाखाली बायाक्का बसली होती. शेजारी पांढऱ्या सदऱ्यात साहेब.

मी धावतच गेले. "साहेब!"

साहेबांनी हात पुढं केला. "ओळखपत्र?"

"साहेब, मी आहे की!"

"मी म्हंजे कोण? बँकेतनं आलो म्हणून कोणबी येतंय. रान माझं हाय, खात्री मला द्यायचीय."

मी ओळखपत्र दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, फोटो माझ्या तोंडाशेजारी धरून बघितला. "जुळतंय वाटतं. पर कार्ड खोटंबी असतंय." आणि त्यांनी फोन काढून सरळ आमच्या शाखेला लावला. तिथं आता एक नवी क्लार्क आली होती. सोमवारी मीच तिला शिकवत होते.

"हॅलो," साहेब म्हणाले, "गड्डम मॅडम म्हणून कोण आहेत का तुमच्यात? त्यांचा कर्मचारी नंबर जरा सांगा."

पलीकडं ती पोरगी सुटली. ती सोलापूरचीच, आवाज मोठा, शब्द निवडक. साहेबांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. मेंढरंसुद्धा माना वळवून बघायला लागली. साहेब दुसऱ्या हातानं आम्हाला खुणावत होते, ऐका, ऐका.

"निम्मं आयुष्य ह्यातच गेलं की वो तुमचं, साह्यब," बायाक्का म्हणाली.

ॲपला फोटो हवा होता. मी टॅब उचलला आणि बटण दाबलं. त्या फोटोत वाघर आहे, कळप आहे, बायाक्काची घोंगडी आहे. आणि उजव्या कोपऱ्यात फोन वीतभर लांब धरून, माडग्याळी नाक वर करून हसणारे बिराजदार साहेब आहेत. ते आले नसते तरी चाललं असतं, ॲपला त्यांची गरज नव्हती. मी फोटो तसाच पाठवला. स्क्रीन क्षणभर फिरत राहिली, मग हिरवी झाली.

"जागा जुळली," मी म्हटलं.

साहेबांनी ऐकलं नाही. पलीकडून अजून शिव्या चालू होत्या.